उतरण्याची जागा

गेल्या दिवाळीपासून आमच्या माडीला एक इंग्रजी नाव प्राप्त झाले आहे. बडनेरा रस्त्यावरील आमच्या घराचा वरचा मजला, जेथे आमच्या वडिलांनी आपली अखेरची वर्षे काढली व त्यांच्यामागे आमच्या मुलांनी परीक्षांचे अभ्यास केले, तो आता 'सर्व्हिस अपार्टमेंट' या नावाने ओळखला जातो. मुले नोकरीनिमित्त पुण्यास व त्याहूनही दूर गेली, माडी रिकामी पडली, आणि रिकाम्या जागेत झुरळे व विचार यांची सारखीच पैदास होते असे आमच्या पत्नीचे ठाम मत असल्यामुळे तिने एका दलालास पाचारण केले. तो तरुण गृहस्थ खोल्याखोल्यांतून हिंडला, वडिलांची आरामखुर्ची जिन्याखाली हलविण्यास त्याने सांगितले, व निघताना म्हणाला, “सर, कंपनीची माणसं लॉजमध्ये आठ दिवसांत कंटाळतात. त्यांना घर पाहिजे असते. घरचे लोक नको असतात.”

तीस वर्षांच्या अध्यापनात इतकी नेमकी व्याख्या आम्हांस एकाही विषयाची करता आलेली नाही.

व्याख्येबरहुकूम माडी सजली. विजेची किटली आली, इस्त्री आली, कपडे धुण्याचे यंत्र आले, दोघांपुरती भांडी आली, मोठा कूलर तर वऱ्हाडात सांगावाच लागत नाही. सकाळी एक बाई येऊन केरवारा करून जाते. दारास आकड्यांचे कुलूप बसविले आहे; पाहुणा मध्यरात्री येवो वा पहाटे येवो, यजमानाने झोपेतून उठण्याचे प्रयोजन उरलेले नाही. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यांत यंत्रे बसविण्यासाठी आलेले कोइमतूरचे तंत्रज्ञ, हिशेब तपासण्यास आलेले सनदी लेखापाल, औषध कंपन्यांचे अधिकारी, अशी मंडळी येऊन राहतात व जातात. १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहून मुंबईचे विमान सुरू झाले खरे; तथापि आमच्याकडील बहुतेक पाहुणे अद्याप आगगाडीनेच येतात. मुख्य मार्गाने येणारा बडनेऱ्यास उतरतो, आणि रिक्षात बसता बसता आमच्या माडीचा पत्ता मोबाइलवर पाहतो. कित्येकांचे तोंडही आम्ही पाहिलेले नाही. वरच्या मजल्यावर पावले वाजतात, नळ सुरू होतो, नळ बंद होतो. एवढाच काय तो परिचय.

परगावच्या माणसाने धंद्यासाठी वऱ्हाडात यावे व काही काळ राहून जावे, ही गोष्ट मुळीच नवी नव्हे. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चालले, लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि त्यांची दृष्टी ज्या मुलखांकडे वळली त्यांत आमचा वऱ्हाडही होता. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपुरापर्यंत पोहोचली. तीन वर्षांनी, १८७० मध्ये, लॉर्ड मेयो स्वतः खामगावास आले व जलंबहून निघालेल्या शाखेचा समारंभ झाला. विंटरथूर व मुंबई येथे १८५१ मध्ये स्थापन झालेल्या व्होल्कार्ट ब्रदर्स या स्विस पेढीनेही खामगावी आपले ठाणे मांडले. दिवाळीनंतर हंगाम सुरू व्हावा व ऊन तापू लागताच तो उलगडावा. तोवर गावात परक्यांची वर्दळ. त्या काळी उतरण्याची जागा ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे ठरलेली असे. गोऱ्या प्रतिनिधीस बंगला, मुंबईच्या मेहत्यास पेढीवरची गादी, दलालास धर्मशाळा, आणि गाडीवानास स्वतःच्याच गाडीखालची सावली.

सराया आणि मुसाफिरखाने यांच्यासाठी सरकारने १८६७ मध्येच एक कायदा केला. तो आम्ही कुतूहलाने वाचला, आणि त्यातील बारकाव्याने चकित झालो. सराईच्या मालकाने जागा स्वच्छ ठेवावी, पहारेकरी ठेवावे, दरांची यादी लावावी, आणि ज्या फांद्यांच्या आधारे चोर आत शिरू अथवा बाहेर पडू शकेल अशी झाडेझुडपे तोडावीत, असे त्यात आहे. आमच्या अंगणातील कडुनिंबाची एक फांदी माडीच्या गच्चीला टेकलेली आहे. त्या कायद्याप्रमाणे आम्ही केव्हाच गुन्हेगार ठरलो असतो. कोण उतरले याची वर्दी मागेल तेव्हा द्यावी, हेही त्यात होतेच. मुक्कामाच्या जागेने उतारूचे नाव विचारावे, ही रीत आधारकार्डापेक्षा पुष्कळ जुनी आहे.

आमचे बालपण अकोल्यास जठारपेठेत गेले. तोवर कापसाच्या व्यापाऱ्यांची वर्दळ ओसरली होती. १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजना आली. खाजगी खरेदीदारास कापूस घेण्याची मनाई झाली, आणि त्याच्या जागी पणन महासंघाचा ग्रेडर हा नवा बडा पाहुणा अवतरला. परंतु स्टेशन होतेच, आणि अकोल्याचे स्टेशन म्हणजे दोन लोहमार्गांचे जंक्शन: मुंबई-नागपूरचा रुंद मार्ग एक, आणि खांडव्याहून पूर्णेकडे जाणारा मीटरगेज दुसरा. एक गाडी चुकली की दुसरीसाठी रात्र काढावी लागे. असा कोणी ओळखीचा, अर्धओळखीचा, किंवा केवळ ओळखीच्याची चिठ्ठी घेऊन आलेला मनुष्य रात्री आमच्या ओसरीवर येऊन उभा राही. आजी कंदील वर धरून विचारी, “कोन्या गावचे जी?”

या प्रश्नाची गोडी ज्याने अनुभवली नाही त्याला ती सांगून कळणार नाही. गाव सांगितले की गावातील कोणी तरी निघे, त्याची सोयरीक निघे, आणि पाच मिनिटांत परका मनुष्य कोणाचा तरी मामा होऊन पिठले-भाकरीवर बसे. दलालाच्या व्याख्येतील उणीव आम्हांस प्रथम जाणवली ती या आठवणीने. आमच्या माडीवर घर आहे, पण कंदील वर धरणारे कोणी नाही, असे आम्ही पत्नीजवळ बोलूनही दाखविले. ती अकोल्याच्याच एका जुन्या वाड्यात वाढलेली. ती म्हणाली, “आणि दुसरा प्रश्न विसरलात वाटतं?”

आम्ही विसरलो नव्हतो, टाळीत होतो. पहिल्या प्रश्नाच्या पाठोपाठ आजीचा दुसरा प्रश्न येई: “कोनाचे?” त्याच्या उत्तरावर पाणी पितळी तांब्यातून मिळावयाचे की फडताळाच्या खालच्या कप्प्यातील काचेच्या पेल्यातून, हे ठरत असे. काचेचा पेला मिळालेला मनुष्य ओसरीवरच झोपे व उजाडण्यापूर्वी निघून जाई. आजी स्वभावाने दुष्ट नव्हती. पाणी ती दोघांसही देई, आणि आपण पुण्य केले असेच समजे.

धर्मशाळांचे तेच होते. १९१७ मध्ये परदेशातून शिकून बडोद्यास नोकरीवर गेलेल्या डॉ. आंबेडकरांस राहण्यास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून ते राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस तेथून बाहेर काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे. आमच्याच जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी ही व्यथा फार लवकर ओळखली होती. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. ज्यांस पंढरीत कोणी थारा देत नसे त्यांच्यासाठी तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधली, व पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. स्वतःसाठी त्यांनी झोपडीही बांधली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वाटेतच त्यांचा देह पडला. आमच्या विद्यापीठास आज त्यांचेच नाव आहे.

हे सर्व आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितले आहे, आणि बडोद्याचा प्रसंग सांगताना आमचा आवाज जड होतो असे विद्यार्थी म्हणतात. म्हणूनच गेल्या जानेवारीतील गोष्ट लिहिणे कठीण जात आहे.

दलालाचा दूरध्वनी आला. तीन महिन्यांसाठी एक अभियंता येत होता. कंपनी चांगली, भाडे आगाऊ, मनुष्य एकटा. “फक्त नाव आधी सांगून ठेवतो, सर,” असे म्हणून त्याने नाव सांगितले. ते उच्चारताना त्याने आवाज खाली आणला. “तुम्हांला चालत असेल तर. शेजारीपाजारी नंतर विचारतात म्हणून.”

आम्ही 'नाही' म्हटले नाही. आम्ही म्हणालो, “घरात विचारून सांगतो.”

घरात आम्ही विचारलेच नाही. खुर्चीत बसून शेजाऱ्यांचा विचार केला, समोरच्या निवृत्त गृहस्थांच्या चेहऱ्याचा विचार केला, मटणाच्या वासाचाही विचार केला. आणि ज्या ताटात आम्ही स्वतः दर रविवारी मटण जेवतो त्या ताटाचा मात्र विचार केला नाही. अर्ध्या तासाने शरमेने दूरध्वनी केला तेव्हा दलाल म्हणाला, “राहू द्या सर, त्यांची सोय बडनेऱ्याला एका लॉजवर केली.” तो मुळीच रागावला नव्हता. असे अर्धे तास त्याच्या धंद्यात रोजचे असावेत.

माडी त्यानंतर पाच आठवडे रिकामी होती. पत्नीस आम्ही हकीकत सांगितली ती त्या पाच आठवड्यांच्या अखेरीस, भाड्याचा हिशेब जुळेना तेव्हा. ती काही बोलली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने दलालास दूरध्वनी लावला, आणि भिंतीआडून आम्हांस एवढेच ऐकू आले: “यापुढे आम्हांला तारीख आणि गाडी तेवढी कळवत जा, भाऊ.”

तेव्हापासून तसेच चालले आहे. “परवा, अमरावती एक्सप्रेस,” एवढाच निरोप येतो. ओळखपत्राची प्रत आम्हांस घ्यावी लागते, ती आम्ही घेतो. पण पाहुणा वर जाऊन हातपाय धुऊन खाली आल्यावर. आकड्यांचे कुलूप आहे तरी आम्ही हल्ली सकाळी उठून फाटकाशी जातो, आणि एखाद्याने पिशवी खाली ठेवली की नकळत तोंडून निघते, “कोणत्या गावचे आपण?” गेल्या आठवड्यातील तरुण मदुरेचा होता. त्याला प्रश्न समजला नाही. त्याने आम्हांस तिकीट दाखविले.