उन्हाळी सुट्टी, पावसाळी मुरुम

सोलापूर–हैदराबाद महामार्ग सोडून दक्षिणेकडे वळले की उमरगा तालुक्यातील मुरुम लागते. तेथून थोडे पुढे गेले की महाराष्ट्राची हद्द संपते आणि आळंदची वाट कर्नाटकात शिरते. बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा एकाच व्यवहारात, कित्येकदा एकाच वाक्यात कानी पडतात. तूर, उडीद, मूग, सोयाबीन यांच्या उलाढालीवर गावाचे वर्ष चालते. येथे समुद्र नाही, थंड हवेचे ठिकाण नाही. तरीही जून-जुलै उजाडला की व्यापारी घरांच्या माडीवर परदेशातील नातवंडे येऊन उतरतात, आणि घरातील वडीलधाऱ्यांना आनंदाबरोबरच एक धास्ती वाटू लागते : या तेरा-पंधरा वर्षांच्या मुलांना येथे करमणार कसे?

या धास्तीवरचा रूढ उपाय म्हणजे वायफाय, वेफर्सची पाकिटे आणि चौथ्या दिवशी महाबळेश्वर किंवा गोव्यासाठी गाडी. परंतु यात एक हिशेब मांडायचा राहून जातो. बारा ते अठरा या वयात एक वर्षाआड येणे झाले, तर एकूण भेटी चार. प्रत्येक भेट तीन आठवड्यांची धरली तर बारा आठवडे. झोपेची घडी बसणे, पुण्या-मुंबईचे नातलग, लग्नकार्ये आणि खरेदी यांत निम्मे जातात. आजी-आजोबांच्या वाट्याला उरतात बेचाळीस दिवस. पुढे महाविद्यालय, नोकरी. आणि इकडे आजोबांचे वयही थांबत नाही. हे बेचाळीस दिवस दुसऱ्या गावच्या हॉटेलात खर्ची घालणे हा तोट्याचा व्यवहार होय.

दुसरी अडचण पंचांगाची. तिकडची उन्हाळी सुट्टी म्हणजे आपला पावसाळा. अमेरिकेतील बहुतेक शाळा जूनच्या मध्यापर्यंत सुटतात, इंग्लंडमधील जुलैच्या अखेरीस. आपली संस्कार शिबिरे व मामाच्या गावची धमाल मे महिन्यातच आटोपलेली असते आणि इकडची मुले शाळेत गेलेली असतात. म्हणून पाहुण्या मुलांचा कार्यक्रम घरालाच आखावा लागतो. सुदैवाने जुलै हा आडत दुकानाचा सवडीचा काळ. पेरण्या झालेल्या असतात, नवा मूग-उडीद यायला अवकाश असतो, आणि दिवाणजी व मापाडी यांना बोलायला वेळ असतो.

येथेच पहिले काम सापडते. मुलाला ‘दुकान पाहा’ असे सांगू नये. दुकानात काम द्यावे. पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढायची लोखंडी नळी हाती द्यावी, मूठभर तूर तळहातावर पसरून ओलावा व माती ओळखायला शिकवावे. शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीत हमाली, तोलाई यांच्या रकमा कोठे वजा होतात, ते त्याच्याकडूनच मांडून घ्यावे. संगणकावर चाळीस विषयांचे खेळ खेळणारी मुलेही या हिशेबात रमतात, कारण त्यातील पैसे खरे असतात.

त्याहून मोठा ठेवा माळ्यावर असतो. जुन्या घरांत लाल कापडात बांधलेल्या वह्या अजून आहेत. काहींत मोडी अक्षर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता व राज्याचे चलन वेगळे होते. घरातला व्यवहार ‘हाली’ रुपयांत आणि सोलापूरशी केलेला ‘कलदार’ रुपयांत. सरकारी दराने १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. डॉलरचा दर रोज फोनवर पाहणाऱ्या नातवाला, आपल्या पणजोबांनीही परकी चलनाचा हिशेब ठेवला होता, हे कळले की तो ती वही सहजासहजी खाली ठेवत नाही. पाने वाळवीने खाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढणे, आजोबांना विचारून नावे लावणे, त्यातून वंशावळ तयार करणे हे दोन आठवड्यांचे काम आहे, आणि ते या वयाची मुले आपल्यापेक्षा सफाईने करतात. मूळ वही मात्र घराबाहेर जाऊ देऊ नये.

फिरणेही हवेच. ते याच धाग्याला धरून असावे. जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या पेठेतून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास जात असे, अशी नोंद आहे. गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतून तेथे शासकीय संग्रहालय उभे राहिले आहे. धाराशिवजवळची लेणी व त्यांतील पार्श्वनाथ याच फेरीत पाहता येतात.

सीमेपलीकडे, कलबुर्गीच्या पुढे, मलखेड आहे. राष्ट्रकूटांची ही राजधानी, मान्यखेट. अमोघवर्ष राजाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात त्रैराशिक आहे, व्याजाची उदाहरणे आहेत. गणिताची आवड असलेल्या मुलाला हे आधी सांगून मग किल्ल्याच्या पडक्या भिंती दाखवाव्यात. नुसत्या भिंती दाखवल्यास तो गाडीतून उतरणारही नाही.

नळदुर्गला जाण्यापूर्वी चौकशी करावी. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळी, १६१३ मध्ये बांधलेल्या बंधाऱ्यात पाणीमहाल आहे. बोरी नदी भरली म्हणजे ‘नर’ आणि ‘मादी’ असे दोन प्रवाह त्यावरून कोसळतात व आतली दालने कोरडी राहतात. नदी भरलेली नसेल तर धबधब्याचे आश्वासन देऊन मुलांचा हिरमोड करू नये. कुंथलगिरी मात्र कोणत्याही महिन्यात चुकवू नये. कुलभूषण-देशभूषण मुनींचे ते सिद्धक्षेत्र, आणि आचार्य शांतिसागर महाराजांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी तेथेच समाधी घेतली. वाट लांबची आहे. मुक्कामाच्या तयारीने निघावे.

घरातील शिस्तीविषयी उगीच संकोच बाळगला जातो. चातुर्मासात सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी, म्हणजे सातच्या आत. लंडनमध्ये त्या दिवसांत नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे मुलांना हे फार लवकर वाटते. नियम आधीच सांगितला व साडेचारला खायला दिले तर तक्रार राहत नाही. पाणी गाळून, उकळून देण्याची आपली रीत तर परदेशी पोटाला औषधासारखी.

भाषेचा प्रश्न त्याहून अवघड. परदेशातील जैन केंद्रांत पाठशाळा चालतात आणि तेथे शिकलेली मुलगी अनेकान्ताचा अर्थ इंग्रजीत उत्तम सांगते. परंतु आजीला ‘पाय दुखतात का?’ एवढे विचारता येत नाही. आजीला स्तोत्रे मुखोद्गत असतात, अर्थ कित्येकदा अर्धाच. दोघींकडे अर्धी अर्धी पुंजी. रोज सकाळी देवदर्शनाहून परतल्यावर अर्धा तास दोघींनी एकत्र बसावे : आजीने एक ओळ म्हणावी, नातीने देवनागरीत लिहावी व अर्थ शोधावा. मधे आई-वडिलांनी दुभाषी म्हणून बसू नये. पहिले चार दिवस हसण्यातच जातात, आणि तेही वाया गेलेले नसतात.

निघण्याच्या आदल्या दिवशी बॅगा दुकानाच्या काट्यावर चढतात. विमानाची मर्यादा तेवीस किलोंची. आजीचे पापड, शेवया, मेतकूट आणि वहीच्या पानांच्या छापील प्रती मिळून वजन हमखास पुढे जाते. काय काढायचे यावर वाद होतो. मापाडी बाजूला उभा असतो, कारण आता काटा नातूच वाचतो.