पुरीचा हात सोडताना
पुरीला आठ दिवसांसाठी गेलो आणि महिनाभर रमलो. जगन्नाथाचे दर्शन पहिल्याच दिवशी झाले. गुंतवले ते किनाऱ्यावरच्या नुलियांनी. हे मूळचे आंध्र किनाऱ्याकडचे तेलुगूभाषक कोळी. डोक्यावर टोकदार टोपी घालून यात्रेकरूंना हात धरून लाटांत स्नान घालायचे, हा त्यांचा जोडधंदा.

आमच्या म्हाताऱ्या नुलियाची हिंदी मोडकी, आईची त्याहून मोडकी. तरी रोज तासभर गप्पा चालत!

निघायच्या सकाळी आईने त्याच्या हातावर जास्तीचे पैसे ठेवले. त्याने स्नानाचे तेवढे घेतले.

“पुढच्या वर्षी येऊ,” आई म्हणाली.

“तेव्हा माझा मुलगा हात धरील, माँजी. मला आता लाट पेलत नाही.”

रिक्षा थांबवून आईने मुलाचे नाव विचारून घेतले.