पाठमोरं बोलणं

३ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन. त्यानिमित्त एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात छोटासा कार्यक्रम होता. विषय: वर्गात शिकवताना दिव्यांग विद्यार्थ्यांचं कुठे अडतं. डॉक्टर म्हणून मलाही बोलावलं होतं. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले, सवलतींसाठी साधारणपणे ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, असं सगळं मी पडद्यावर दाखवत अर्धा तास बोललो. टाळ्याही पडल्या.

मग दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उठली. दोन्ही कानांना श्रवणयंत्र. म्हणाली, "सर, तुम्ही पडद्याकडे वळून बोलत होतात, ते मला काहीच कळलं नाही. वर्गातही असंच होतं. सगळे फळ्याकडे तोंड करून बोलतात."

मी ओशाळलो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

श्रवणयंत्र चष्म्यासारखं नसतं. चष्मा लावला की बहुतेकांना स्पष्ट दिसतं. यंत्र मात्र आवाज मोठा करतं, आणि त्याबरोबर पंख्याची घरघर, बाकांची खरखरही मोठी करतं. बोलणारा दूर असला की शब्द त्यात बुडतात. म्हणून या मुलांना ओठही पाहावे लागतात. पण ओठांवरून सगळं कळत नाही. आरशासमोर 'पाळ', 'बाळ', 'माळ' आवाज न करता म्हणून बघा. तिन्ही सारखेच दिसतात! उरलेलं संदर्भावरून जुळवायचं. दिवसभर असं जुळवून डोकं शिणतं, आणि आपण म्हणतो, हिचं लक्ष नसतं. ओरडूनही फायदा नसतो, ओठांचा आकार बिघडतो. कुजबुज तर त्याहून वाईट, आणि ग्रंथालयात सगळे कुजबुजतातच. तिथल्या ग्रंथपाल बाई तिच्यासाठी काउंटरवर कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन ठेवतात, हे तिनंच सांगितलं. माझ्या भाषणापेक्षा ते जास्त कामाचं होतं.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी सांगायला हवी होती. कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असेल तर 'ऐकण्यास कमी', ७० असेल तर 'कर्णबधिर'. आपलं नेहमीचं बोलणं असतं ६० डेसिबलच्या आसपास. म्हणजे ५० डेसिबल ऱ्हास असलेल्या मुलाला मागच्या बाकावर जेमतेम काही ऐकू येईल, पण कागदावर तो दिव्यांग नाही. मूल सारखं "काय?" विचारत असेल, टीव्ही मोठा लावत असेल, श्रुतलेखनात भलतेच शब्द लिहीत असेल, तर रागावण्याआधी कानाच्या डॉक्टरांकडे न्या. कधी नुसता मळ किंवा पडद्यामागचं पाणी निघतं, ते बरं होतं. नाहीतर ऑडिओमेट्री करून घ्यावी. तिला दुखत नाही.

परतताना मला माझ्या एक मधुमेही आजी आठवल्या. साखर उतरत नव्हती. मी कॉम्प्युटरवर टाइप करत विचारायचो, "गोळ्या दोन वेळा घेता ना?" त्या मान डोलवायच्या. पथ्य पाळत नसतील, असं मी मनात धरून बसलो होतो.

पुढच्या खेपेला समोर बसून, मास्क काढून विचारलं. त्या म्हणाल्या, "दोन वेळा? मी तर एकदाच घेते."