कोंबड्यांचा कॉल

आरमोरीत घर मिळालं ते एका अटीवर. घरमालकीण आजी म्हणाल्या, "भाडं कमी द्या, पन सकारी कोंबड्या सोडायच्या अन् सांजच्यानं कोंडायच्या तुमी. माये गुडघे नाई वाकत आता." मी लगेच हो म्हटलं. त्यात काय, खुराड्याची फळी उचलायची, झालं.

पुण्याहून बदलीवर येताना पक्षी बघायचा बेत करूनच आलो होतो. मारुती चितमपल्लींची पुस्तकं वाचलेली, नवी दुर्बीण घेतलेली. वैनगंगेकाठचं रान, पलीकडे ब्रह्मपुरीकडची झाडी. वहीच्या पहिल्या पानावर यादी: धनेश, हरियल, रानकोंबडा. घरातली कोंबडी त्या यादीत कुठून असणार? ताटाबाहेर तिचा आणि माझा संबंध कधी आलाच नव्हता.

पहिल्या सकाळी फळी उचलली तर कुणी बाहेरच येईना. आत नुसती कुजबुज. वाकून पाहिलं. दाराशीच काळी उभी, पण पाय उचलत नव्हती. मागून तांबडी आली, काळीच्या डोक्यात एक टोच हाणली, उंबऱ्यावर थांबून माझ्याकडे एक डोळा लावला आणि सावकाश उतरली. मग काबरी. मग उघड्या मानेची, जिला आजी बुच्ची म्हणतात ती. काळी सगळ्यांत शेवटी. कोंबडा रात्री आंब्यावर चढून बसायचा. तो आधीच खाली येऊन, जणू आपणच फळी उचलली अशा थाटात उभा.

दुसऱ्या दिवशी हाच क्रम, तिसऱ्या दिवशीही हाच. थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन माणसाला पोरवयापासून कोंबड्या न्याहाळायचा नाद होता. कोण कुणाला टोचतं आणि कोण निमूट टोचून घेतं, याची उतरंड त्यानं 1920च्या दशकात जगापुढे मांडली. आमच्या ऑफिसात कुणाचं कुणापुढे चालत नाही हे कळायला मला बराच काळ लागला. तांबडीनं पहिल्याच सकाळी सगळा तक्ता समोर ठेवला होता.

काबरीचं प्रकरण वेगळं. तिचं तोंड म्हणून मिटत नाही. अंडं घालण्याआधी जागा पसंत नाही म्हणून कुरकुर, घालून झाल्यावर 'कॉक-कॉक-कॉक-कॉकॅऽऽक' असा अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा जाहीरनामा. अंडं दुसरीनं घातलं तरी जाहीरनामा हिचाच. एकदा एवढा गलका केला म्हणून टोपली पाहायला गेलो, तर तुसात अंडंच नाही. या ओरड्याचं कारण अभ्यासक अजून घोळवताहेत. एक कयास असा, की रानात अंडं घालायला कळपापासून लांब गेलेली कोंबडी या आवाजानं कोंबड्याला साद घालते, 'ये, मला परत ने.' आमचा कोंबडा खरोखरच धावत जातो. काबरी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, ती गोष्ट निराळी.

बुच्ची माझ्या मागे मागे फिरते. ओट्यावर बसलो की पायाशी येते आणि घशातल्या घशात हळू काहीतरी बोलत राहते, मधूनच चपलेच्या अंगठ्यावर चोच मारते. शर्टाच्या बटणावर तिचा फार दिवसांपासून डोळा आहे. सुरुवातीला मला वाटलं लळा लागला. आजी म्हणाल्या, "तिले दाना पायजे जी, दुसरं काई नाई."

कोंबड्याबद्दल मात्र माझं मत दोनदा बदललं. आधी वाटलं, भला गृहस्थ आहे. दाणा सापडला की स्वतः न खाता चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, पुन्हा उचलायचा आणि 'टुक टुक टुक' करत कोंबड्यांना बोलवायचा. त्या धावत येऊन खायच्या, हा बाजूला उभा. मग एके दिवशी जवळून पाहिलं, तर चोचीत शेंगदाण्याचं टरफल. कोंबडी पार कुंपणापाशी होती म्हणून टरफलावर काम भागवलं गेलं होतं. नंतर वाचलं की पीटर मार्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं 1988 मध्ये नेमकं हेच नोंदवलंय: कोंबडी लांब असली की कोंबडे खाण्यालायक नसलेल्या वस्तूवरही ही साद घालतात. जवळ असताना सहसा नाही. पकडले जाऊ, याची कल्पना असणार.

पहाटेच्या आरवण्यानं तर झोपच उडवली. तीन वाजता कसलं तांबडं फुटतंय? नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की कोंबड्याचं घड्याळ त्याच्या शरीरातच असतं. सतत मंद उजेडाच्या खोलीत ठेवला तरी तो पहाटेच्या सुमाराला आरवतो. पुढे 2015 मध्ये त्यांनीच सांगितलं, की पहिली बांग वरच्या क्रमांकाच्या कोंबड्याची, बाकीचे त्याच्यामागून. आमच्या गल्लीत तसंच आहे. शेजारचा फुटक्या आवाजाचा तरणा कोंबडा आमच्या कोंबड्याची बांग होईपर्यंत गप्प असतो. ती झाली की लगेच आपलं अर्धंमुर्धं उरकून घेतो.

हा आवाज ऐकून एक माणूस दारात आला होता. कोंबड्याचे पाय, छाती, कल्ले निरखले आणि थेट किंमत बोलला. इकडे कोंबडा बाजार चोरून भरतो. पायाला काती बांधून झुंजवतात, पैसे लावतात, पोलीस छापे घालतात तरी भरतो. आजींनी त्याला ज्या शब्दांत वाटेला लावलं ते छापण्याजोगे नाहीत.

खुडूक होण्याचा प्रकार मी ऐकूनही नव्हतो. ऐन उन्हाळ्यात तांबडी रिकाम्या टोपलीत ठाण मांडून बसली. खाणं नाही, पिणं नाही. हात लावला की पिसं फुलवून गुरगुर. मी डॉक्टरला बोलवायच्या गोष्टी करत होतो. आजींनी तिला बगलेत धरलं, तिचंच एक पीस नाकपुड्यांतून आडवं सारलं आणि सोडून दिलं. उन्हाळ्यात अंडी नासतात, पिल्लं निघत नाहीत, म्हणून हा उतारा. मला तो बघवला नाही. पावसाळा सरता सरता बुच्ची खुडूक झाली तेव्हा मात्र आजींनी स्वतः अंडी निवडून तिच्याखाली ठेवली, कडेला लोखंडाचा एक तुकडाही ठेवला. वीज कडाडली तर अंड्यांना बाधू नये म्हणून. एकविसावा दिवस जवळ आला तसं त्यांनी एक अंडं माझ्या कानाला लावलं. आतून टकटक आणि बारीक 'चिव'. अंडं परत ठेवलं, तर बुच्चीनं पोटाखाली मान घालून खालच्या पट्टीत 'कुक, कुक' असं उत्तर दिलं. पिल्लू अजून कवचात, आणि मायलेकांचं बोलणं सुरू झालेलं.

याच दिवसांत मोहर्लीच्या फाटकातून ताडोबात जाऊन आलो. 1955 पासूनचं राष्ट्रीय उद्यान, चांगले पैसे मोजून जिप्सी केलेली. गाइडनं मध्येच गाडी थांबवली, बोट ओठांवर ठेवलं. "कॉल आहे." चितळ ओरडत होतं. मग वानर खेकसलं. गाइड म्हणाला, चितळाचं काही खरं नसतं, ते कशालाही ओरडतं. सांबर बोललं तर समजायचं. अर्धा तास आम्ही श्वास धरून सांबराची वाट पाहिली. ते काही बोललं नाही.

परत आलो आणि घरामागच्या सांदवाडीत वेगळ्याच कानांनी बसलो. इथेही कॉलच चालले होते. शिक्रा वरून गेला की कोंबडा एकच लांबट, बारीक 'क्रीऽऽ' काढतो. कुठून आला तेही नीट कळत नाही. त्याबरोबर सगळ्या जास्वंदीखाली. उघड्यावर सापडलेली जागच्या जागी दगड, फक्त मान तिरकी आणि एक डोळा आभाळाला. कुत्रं आलं की आवाज निराळा, 'कट कट कट कटाक', सगळ्या माना उंच, दाणे टिपणं बंद. ख्रिस इव्हान्स यांनी मार्लर यांच्याबरोबर हे प्रयोगशाळेत तपासलं, तेही टीव्हीच्या पडद्यावर चित्रं दाखवून: डोक्यावरून ससाणा उडाला तर कोंबडा एक हाक देतो, जमिनीवरून जनावर आलं तर दुसरी. म्हणजे हा नुसता घाबरून केलेला आरडाओरडा नव्हे; येतंय कुठून, ते त्यात सांगितलेलं असतं.

आणि हे फक्त कोंबड्यांपुरतं नाही. शेवग्यावर सातभाई भांडत असतात; त्यांचं भांडण एकदम एकसुरी झालं की कोंबड्या थांबतात. खार चिरकली की साळुंक्या उडतात. कोतवालाचा मात्र भरवसा नको. तो शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, साळुंक्या पळाल्या की त्यांच्या तोंडचा किडा उचलतो. आमच्या कोंबड्याही त्याला फसल्या आहेत. तांबडी सोडून. ती मान वाकडी करून वर बघते आणि पुन्हा उकिरडा उकरायला लागते.

रानकोंबडा यादीत होता, तो अजून दिसला नाही. ताडोबाच्या बाजूला राखी, पूर्वेकडच्या रानात लाल. घरच्या कोंबडीचा मूळपुरुष लाल, पण तिच्या पायांचा पिवळा रंग राखी रानकोंबड्याकडून आला असं 2008 मध्ये जनुकांवरून कळलं. तांबडीचे पाय हळदीसारखे पिवळे आहेत. दुर्बीण हल्ली सांदवाडीतच वापरली जाते.

दिवाळीनंतर झाडीपट्टीतली नाटकं सुरू झाली आणि आजी वडशाला लेकीकडे गेल्या. दुसऱ्याच दिवशी दुपारी सांदवाडीत असा कल्लोळ झाला की मी जेवणावरून उठलो. कुत्रं नाही, मांजर नाही, आभाळ मोकळं. न राहवून आजींना फोन लावला.

"फोन कोंबड्याइकडं करा," त्या म्हणाल्या.

मी हात लांब करून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं कानाला लावला.

"मुंगूस असन. खुराड्याच्या मागं पाहा, काठी आपटा."

काठी आपटली. खुराड्यामागून एक करडी शेपटी कुंपणाच्या भोकातून निसटली.

"गेलं आजी!"

"गेलं तं गेलं. काबरी बोंबलून राह्यली, तांबडी बोलून राह्यली, बुच्ची पिल्लाइले बलावून राह्यली. कारी काहून नाई बोलत?"

मी मोजलं. काळी नव्हती. आंब्याखाली नाही, न्हाणीमागे नाही. शेवटी धानाच्या तणसीच्या ढिगाशी आलो. वरची तणस जराशी उचकटली, तर आत दोन तांबूस डोळे. हात पुढे केला, तेवढ्यात पिसं फुलवून तिनं असा काही फूत्कार केला की मी मागेच सरलो. जिचा आवाज मी आजवर नीट ऐकला नव्हता, ती हीच का असं वाटलं. पोटाखालून अंडी डोकावत होती, कितीतरी.

फोन चालूच होता.

"टोचलं का?" आजींनी विचारलं.