काझीरंग्याचा चर

गुवाहाटीहून मोटारीने पूर्वेला चार-पाच तास गेले, की डाव्या हाताला काझीरंग्याचे जंगल आणि उजव्या हाताला कार्बी टेकड्या लागतात. लोक येथे गेंडा बघायला येतात. मी शेतीखात्याचा माणूस. माझी नजर गेली ती जंगलाकडेच्या वस्तीतल्या डुकरांवर.

येथले मिसिंग लोक पुराच्या भयाने खांबांवर बांबूची घरे बांधतात. त्यांना चांगघर म्हणतात. वर माणसे, खाली डुकरे. आपल्याकडे अडीनडीला शेळी विकतात, तसे येथे डुक्कर. मुलांची फी, आजारपण, लग्न सारे त्यावर निभते. २०१९ च्या पशुगणनेत आसामात सुमारे २१ लाख डुकरे होती, देशात सर्वांत जास्त.

अशा मुलखात २०२० साली आफ्रिकन स्वाइन फीवर शिरला. ताप चढतो, कान-पोट लालनिळे पडते आणि बहुतेक जनावरे थोड्याच दिवसांत दगावतात. त्याला औषध नाही. डुकरांच्या नेहमीच्या तापाची लसही त्यावर चालत नाही, कारण विषाणूच वेगळा. माणसाला मात्र हा रोग होत नाही.

तेव्हा वनखात्याने आगरातोलीच्या बाजूला सहा फूट खोल, दोन किलोमीटर लांब चर खणला. रानडुकरांनी गावात उतरू नये हा हेतू. सारे रानडुकरालाच दोष देतात, पण हा रोग दोन्हीकडून चालतो. रात्री भातात शिरलेले रानडुक्कर गावाबाहेर टाकलेल्या मेल्या डुकराला तोंड लावते आणि रोग रानात नेते. दिवसा मोकाट सुटलेले गावचे डुक्कर तोच परत घरी आणते. शिवाय मांस, खरकटे आणि चिखलाचे जोडे यांतून माणूसही तो पसरवतो, हे कोणी बोलत नाही!

चर खणला हे ठीकच झाले. पण ब्रह्मपुत्रेला पूर आला, की जंगलातली जनावरे हमरस्ता ओलांडून टेकड्यांकडे धावतात. रानडुक्कर तर पट्टीचे पोहणारे. सहा फुटांच्या चराची त्यापुढे काय मातब्बरी?

एका वस्तीत मला खरा उपाय दिसला. डुकरांच्या खोपटाभोवती बांबूचे दुहेरी कुंपण होते. मध्ये चार हात जागा, म्हणजे रानडुकराचे नाक आतल्या डुकराला लागत नाही. खरकटे अर्धा तास उकळूनच घालतात. मेलेले जनावर नदीत न सोडता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरतात. खर्च विचारला, तर घरच्या बाई हसल्या. बांबू परसातलाच होता. लागली ती दोन दिवसांची मेहनत.