दिव्याच्या तेलाचं झाड

चार वर्षांपूर्वी पुण्याच्या भाच्यानं ऑलिव्हचं रोप आणलं, कुंडीसकट. म्हणाला, "मामा, कावेरीकाठी लावा आणि म्हातारपणी तेल विका." तेलझाडं हा माझा आयुष्यभराचा विषय, तरी तोंडावर नाही म्हणवेना. ऑलिव्हला फुलोरा धरायला हिवाळ्यात चांगला गारठा लागतो. आमच्या तिरुवैयारुत जानेवारीच्या पहाटेही पारा विशीच्या आसपास रेंगाळतो. त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर आमचा पावसाळा. मातीत पाणी साचतं आणि पाय ओले राहिले की ऑलिव्हची मुळं कुजतात. राजस्थाननं २००७ साली ऑलिव्हसाठी सरकारी भागीदारीची कंपनी काढली, इस्रायलहून रोपं आणली, लूणकरणसरला तेलाचा कारखानाही घातला. तिथं वाळू आहे, थंडी आहे. आमचं रोप अजून कुंडीतच आहे. ऑलिव्ह, मोगरा आणि पारिजातक एकाच कुळातले, त्यामुळे त्याचे नातलग मात्र इथं रोज बायकांच्या वेण्यांत दिसतात.

दिव्याला तेल देणारं इथलं झाड म्हणजे इलुप्पै. महाराष्ट्रातल्या मोहाचंच हे दक्षिणी भावंड. पान तेवढं अरुंद. मायिलाडुतुरैकडे इलुप्पैपट्टु नावाचं गावच आहे आणि तिथल्या शिवमंदिराचा स्थलवृक्षही हाच. बियांच्या गरात ४० टक्क्यांच्या आगेमागे तेल असतं. ऑलिव्ह तेलाची कीर्ती ज्या ओलिइक आम्लावर उभी आहे, ते यातही भरपूर. पण घट्ट होणारे स्निग्धांशही तितकेच. म्हणून पौष वद्य पंचमीला, संत-संगीतकार त्यागराजस्वामींच्या आराधनेच्या पहाटे, बाटलीतलं तेल तुपासारखं थिजलेलं असतं. उन्हात ठेवावी लागते ती.

फुलंही फुकट जात नाहीत. पहाटे मलईच्या रंगाचा सडा पडतो, गोड आणि मांसल. ज्या गावात साखरेचा घाणा नाही तिथं इलुप्पैचं फूलच साखर, अशी तमिळ म्हण आहे. आपल्याकडे 'वासरात लंगडी गाय शहाणी' म्हणतात त्याच चालीवर. फुलाचा तसा अपमानच. मोहाच्या फुलाची भीती मात्र इंग्रजांना इतकी, की त्यांनी १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास कायदा केला. दारूचा महसूल बुडेल ही धास्ती. इथं फुलांचे खरे गिऱ्हाईक वटवाघळं. परागीभवन तीच करतात, बियाही तीच पसरवतात, आणि रात्रभर जो कलकलाट करतात तो ज्याच्या खिडकीशी झाड आहे त्यालाच ठाऊक.

पेंड कडू आणि विषारी. तिच्यातली सॅपोनिनं पाण्यात उतरली की मासे गुदमरतात, पण कोळंबी तगते; म्हणून तळी तयार करताना नको असलेले मासे मारायला ती वापरतात. तीच पेंड पूर्वी डोकं धुवायला चाले. माझी आजी तिला शिकेकाईपेक्षा मानायची. डोळ्यांत गेली की मात्र घरभर आरडाओरडा.

एवढं असून इलुप्पै लावतं कोण? बी काही आठवड्यांतच मरतं, म्हणजे जून-जुलैत पडलं की लगेच रुजवायचं. त्यानंतर पहिलं फळ दिसायला दहा-बारा वर्षं, भरघोस यायला त्याच्या दुप्पट. माझ्या मते अडचण झाडात नाही, हिशेबात आहे. तेल देवाला, फूल वटवाघळाला, सावली रस्त्याला. खर्च तेवढा जमीनमालकाचा. त्यात लाकूड कठीण, बैलगाडीच्या कामाचं, म्हणून जुनं झाड विकून टाकायचा मोहही मोठा. (ही कोटी नव्हे.)

गेल्या जुलैत मी पिशव्यांत बिया रुजवल्या. एक रोप घेऊन ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेलो. बांधावर लावू का, विचारलं. तो म्हणाला, "ऐया, तुम्ही गेल्यावर याच्या सावलीत माझं भात पोचट होईल, तेव्हा भांडायला मी कुणाकडे जाऊ?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रोप परत आणलं आणि परसात, ऑलिव्हच्या कुंडीशेजारी लावलं. भिंतीपासून चार हातांवर. जागा कमी पडणार हे मला कळतं. बायकोनं तर त्याच दिवशी विचारलं, भिंत पाडायची कधी?