कार्डं मोजली, नोंदी राहिल्या

मी रिठदचा, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. आरोग्य विभागात कंत्राटी पदावर काही वर्षं माझ्याकडे दोन कामं होती: खालून येणारे आकडे जमवणं आणि पुढच्या वर्षाच्या आराखड्यात आपल्या भागासाठी किती पैसे मागायचे याचा कच्चा मसुदा बांधणं. त्या कामात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या इथे लिहितो आहे. कारण लोकांच्या आरोग्य नोंदी डिजिटल करून एकमेकांना जोडणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचं काम अजून चालू आहे आणि माझ्या जागी आता दुसरं कोणीतरी तेच तक्ते भरत असेल.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी हे मिशन देशभर सुरू झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला पाच वर्षांसाठी १,६०० कोटी रुपये मंजूर केले. देशाची लोकसंख्या पाहता ही रक्कम माणशी वर्षाला अडीच रुपयांच्याही आतच बसते. त्यातही २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ३४१ कोटींची तरतूद होती, ती २०२४-२५ मध्ये २०० कोटींवर आली. हे आकडे मला पाठ होते. त्यातून जो अर्थ निघतो तो मात्र मी काढला नाही. मिशनचा पैसा नोंदणीवह्या, प्रणाली आणि मानकं उभी करण्यासाठी आहे. गावातल्या ओपीडीत बसून रोज नोंद भरणाऱ्या माणसाचा पगार त्यातून निघणार नाही. तो राज्याच्या आणि जिल्ह्याच्या आराखड्यातच मागावा लागतो.

मी संगणक मागितले, प्रिंटर मागितले, बॅटरी बॅकअप मागितला. वस्तूची मागणी करणं सोपं असतं. दर ठरलेला असतो, संख्या लिहिली की रक्कम निघते आणि वर्षअखेर खर्चही दाखवता येतो. माणूस मागायचा तर पद मंजूर व्हावं लागतं आणि ती फाइल वर्षानुवर्षं फिरते. एका सिस्टरने मला तोंडावर विचारलं होतं, "साहेब, कम्प्युटर देता, पण त्यावर बसीन कोण? लसीकरणाच्या दिवशी माहे हात बाळाच्या सुईत असते." मी मान डोलावली आणि तक्ता होता तसाच वर पाठवला.

तिच्यावर आधीच किती लिखाण होतं, ते मला ठाऊक होतं. गरोदर मातेची नोंद रजिस्टरमध्ये, मग माता-बाल आरोग्याच्या आरसीएच पोर्टलवर. बीपी-शुगरची तपासणी वेगळ्या ॲपमध्ये. क्षयरोगाचा संशय असेल तर २०१२ पासून चालू असलेलं निक्षय पोर्टल. एकाच बाईला प्रत्येक ठिकाणी वेगळा क्रमांक. मिशनचा चौदा अंकी आभा क्रमांक, म्हणजे प्रत्येकाच्या आरोग्य खात्याचा क्रमांक, आला की हे सगळं आपोआप एका धाग्यात येईल, असं मी धरून चाललो. प्रत्यक्षात आभा क्रमांकाच्या आत काहीच साठत नाही. नोंद जिथे तयार होते त्याच दवाखान्यात राहते. तो दवाखाना नोंदणीकृत असावा लागतो, त्याचं सॉफ्टवेअर मिशनशी जोडलेलं असावं लागतं आणि त्याच वेळी कोणीतरी ती नोंद त्या क्रमांकाला जोडावी लागते. यातला शेवटचा टप्पा माझ्या एकाही मसुद्यात नव्हता.

आता आभा कार्डं काढण्याच्या शिबिरांविषयी. ही माझी सगळ्यांत मोठी चूक आहे. वरून उद्दिष्ट यायचं, रोज संध्याकाळी किती कार्डं झाली ते कळवायचं. रिठदलाही आम्ही टेबल मांडलं. लोक आले ते पाच लाखांचं कार्ड मिळतं म्हणून. ते कार्ड वेगळं. २०१८ च्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं, आभाने एक रुपयाही मिळत नाही. रांगेतल्या म्हाताऱ्या माणसाला हे सांगायला एक मिनिट पुरलं असतं. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर रांग मोडली असती. आभा काढणं ऐच्छिक आहे हेही कोणाला सांगितलं नाही. संमतीचा मजकूर मराठीत वाचून दाखवायला हवा होता. आम्ही खूण करून पुढे गेलो. माझ्याच गावची, मला लहानपणापासून ओळखणारी माणसं होती ती. त्यांनी आधार कार्ड पुढे केलं ते माझ्याकडे बघून.

मोबाइल नंबरचंही तेच. एका नंबरवर सहा आभा क्रमांक जोडता येतात. ज्या बायांकडे फोन नव्हता, त्यांना नवऱ्याचा, दिराचा, शेजारच्या पोराचा, कधी आशाताईंचा नंबर लावला. नोंद उघडायची तर संमतीचा ओटीपी त्या नंबरवर जाणार. म्हणजे उद्या एखाद्या बाईच्या गर्भपाताची किंवा टीबीच्या उपचाराची नोंद जोडली गेली, तर ती कोणाला दाखवायची ते ठरवण्याची चावी दिराच्या खिशात. हा धोका मला तेव्हा दिसला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. दिसला होता. अहवालात त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून मी तो सोडून दिला.

पुढे शेजारच्या घरातली लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सासरचं बिऱ्हाड चाकणला, नवरा कंपनीत. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या आमच्या भागातल्या घरांमध्ये हे नेहमीचंच आहे. एका गावची नोंद दुसऱ्या गावात उघडायची खरी गरज असते ती इथेच. माता-बाल संरक्षण कार्ड चाकणच्या खोलीवर राहिलं होतं. आभा मात्र होतं, आमच्याच शिबिरातलं. सिस्टरने उघडून पाहिलं आणि म्हणाली, "नंबर हाय, पण आत काईच भरेल नाई." रक्तगट, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी, लोहाची इंजेक्शनं झाली की नाही, कशाचाच पत्ता नाही. काही तपासण्या पुन्हा कराव्या लागल्या, बाकीच्या कागदांचे फोटो नवऱ्याने रात्री व्हॉट्सॲपवर पाठवले. बाळंतपण नीट झालं. पण माझ्या अहवालात ती 'साध्य' या रकान्यात मोजली गेलेली होती.

त्यानंतर मी इतर देशांचं वाचायला लागलो. ब्रिटनने २००२ मध्ये असाच राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, अब्जावधी पौंड खर्च केले आणि २०११ मध्ये तो मोडीत काढला. डॉक्टर-परिचारिकांना पुरेसं विश्वासात न घेता वरून व्यवस्था लादली, ही त्यावरची मोठी टीका होती. एस्टोनियाची लोकसंख्या सुमारे १३ लाख, आपल्या वाशिम जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख. तिथे २००८ पासून देशभर एक आरोग्य नोंद चालते, आणि आपली नोंद कोणी उघडून पाहिली ते नागरिकाला स्वतः बघता येतं. त्यांच्याकडे पैसा आणि सोयी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, हे मान्य. पण सिस्टरला विचारून आराखडा करायला पैसे लागत नव्हते.

१ जानेवारी २०२३ पासून केंद्राने दवाखान्यांना आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना ठरावीक संख्येच्या वर जोडलेल्या नोंदींसाठी प्रोत्साहनाची रक्कम द्यायला सुरुवात केली, कमाल ४ कोटींपर्यंत. कार्डाऐवजी नोंदीला पैसा हे पाऊल योग्य दिशेचं आहे, असं माझं मत आहे. जिल्ह्याचा आराखडा लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. किती आभा काढले याच्या शेजारी, त्यांपैकी कितींमध्ये या वर्षी एक तरी नोंद जोडली गेली, हा रकाना घालावा. आणि प्रत्येक संगणकामागे तो चालवणाऱ्या माणसाचा पगार मागावा. नामंजूर झाला तर पुढच्या वर्षी पुन्हा मागावा.

आणि गावकऱ्यांनो, तुमच्या किंवा घरातल्या बायांच्या आभाला कोणाचा मोबाइल लावलेला आहे ते तपासा. तो नंबर बदलून घेता येतो, आणि कार्ड नको असेल तर ते कायमचं काढूनही टाकता येतं.